चोविसाव्या सेकंदानंतर

चोविसावा सेकंद संपला आणि हिरवा माणूस विझला नाही.

मी पलीकडच्या फुटपाथवर कधीच पोचले होते. गळ्यात स्टॉपवॉच, काखेत वही आणि मनातल्या मनात मोजणं चालू. सव्वीस वर्षं सिग्नलच्या वेळा बसवण्याची नोकरी केली की माणूस काहीही मोजायला लागतो. लिफ्ट यायला किती, दूध उतू जायला किती, शेजारणीचं एक वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचायला किती. तर बावीस, तेवीस, चोवीस, आता हा विझणार म्हणून मी वहीकडे मान वळवली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तो हिरवा चालतोच आहे. पंचवीस. सव्वीस. लुकलुकतोय, पण चालतोय. तेहतिसाव्याला विझला. शेजारून जाणाऱ्या कुणाला काही जाणवलंही नसेल. नऊ सेकंद म्हणजे असतात किती? फार तर एक जांभई. पण हा सिग्नल माझा होता. बारा वर्षांपूर्वी मीच त्याचा हिशेब मांडला होता: रस्ता एकवीस मीटर, माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर, म्हणजे झाले अठरा सेकंद, आणि दिवा दिसून पाऊल उचलायला सहा. चोवीस. ऑफिसातल्या कागदावर माझ्या सहीच्या वर हा आकडा आहे, आणि माझ्या तोंडात तर तो इतका बसलाय की झोपेतून उठवून विचारलं तरी मी तेच सांगेन. मी तिथेच उभी राहून आणखी तीन वेळा मोजलं. तेहतीस, तेहतीस, तेहतीस.

आले होते वेगळ्याच कामाला. हा सिग्नल काढून इथे गोल चौक करायचं चाललं होतं. मध्ये गवताचं वर्तुळ, त्याच्याभोवती गाड्यांनी वळसा घालून निघून जायचं, लाल नाही, हिरवा नाही, कुणी कुणासाठी ताटकळायचं नाही. प्रस्ताव माझाच, नकाशाही माझाच, आणि शुक्रवारी तो साहेबांच्या सहीला जायचा होता. या चौकात गाड्या फार तुंबतात अशा तक्रारी वर्षानुवर्षं येत होत्या, आणि कागदावरच्या आकड्यांनी तर एवढ्या तुंबायला नको होत्या. आम्ही ऑफिसात बसून कधी शाळेला दोष दिला, कधी वळणावरच्या पेट्रोल पंपाला. कुणीही येऊन नुसतं उभं राहून मोजलं नाही. मीही नाही. या चौकापासून चार इमारती आत आम्ही तेरा वर्षं राहिलो, पण माझी स्कूटर मागच्या गल्लीतून निघायची आणि मागच्याच गल्लीतून यायची. पायी चालणाऱ्यांना वेळ वाटून देण्यात माझा जन्म गेला आणि माझा स्वतःचा पाय कधी या पट्ट्यांवर पडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा, आणि इथे तर दिवाही मीच लावलेला.

पण पट्ट्यांवर रोज पाय पडायचे ते नानांचे. नाना म्हणजे माझे सासरे. एका शाळेत अडतीस वर्षं कवायत शिकवलेले. ताठ कणा, आखूड केस, आणि आवाज असा की स्वयंपाकघरात भांडी आपोआप रांगेत लागावीत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "सूनबाई, या घरात एकच नियम. हळू चालणाऱ्याच्या पुढे जायचं नाही." मला वाटलं, हे सासूबाईंबद्दल आहे. नंतर कळलं की ती त्यांची सहलीची पद्धत. शंभर मुलं डोंगरावर न्यायची तर सगळ्यांत हळू चालणाऱ्याला अगदी पुढे ठेवायचं, म्हणजे रांग तुटत नाही आणि कुणी मागे राहत नाही. जे मास्तर दांडग्या मुलांना पुढे सोडतात त्यांना संध्याकाळी मुलं शोधत फिरावं लागतं, असं ते म्हणत. मी हसून ऐकायची. घरात म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जसं ऐकतात तसंच, म्हणजे अर्धा कान पातेल्याकडे.

मग त्यांना कंपवात झाला. आधी हात, मग सही, मग पावलं. एवढ्या ताठ माणसाची पावलं तांदूळ निवडल्यासारखी बारीक पडू लागली. मधेच पाय जमिनीला चिकटायचे, दारात, वळणावर, कुठेही, आणि मग ते स्वतःलाच हुकूम द्यायचे, "डावा! उजवा! डावा!" की पाय सुटायचे. डॉक्टर म्हणाले, मोजत चालणं चांगलं. नाना म्हणाले, "घ्या, म्हणजे मला आयुष्यभर औषधच शिकवायला ठेवलं होतं." चौकापलीकडे वाचनालय होतं. रोज सकाळी दहा वाजता तिथे जायचं, वर्तमानपत्रं चाळायची, तीन जुन्या मित्रांशी वाद घालायचा आणि साडेअकराला परत यायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. तेही जवळजवळ गेलं एके दिवशी. रस्त्याच्या मधोमध त्यांचे पाय चिकटले, वरचा दिवा बदलला, चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. कुणीतरी भल्या माणसाने दंडाला धरून घरी आणून सोडलं. त्यांची पँट ओली झाली होती. मी ती भिजत घातली, आणि पुढे मी काय केलं ते आठवलं की आजही मला बेसिनशी तोंड करून उभं राहावंसं वाटतं. मी त्यांना हिशेब समजावून सांगितला. अगदी कागद घेऊन. "नाना, तुम्ही निघता उशिरा. हिरवं लागलं की लगेच पाऊल टाकायचं. चोवीस सेकंद पुरतात. सगळ्यांना पुरतात. नाहीतर मग वाचनालय बंद करू या, मी पेपर घरी लावते." ते माझ्या कागदाकडे बघत राहिले, विद्यार्थ्याने बघावं तसे. मग म्हणाले, "बरं. आठवडाभर बघू दे मला."

आणि आठवड्याने खरंच ते दारातून आत आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि मला म्हणाले, "पुरले गं."

"काय पुरले?"

"तुझे सेकंद. पलीकडे पोचलो आणि मग विझला तो. तुझं गणित बरोबर आहे."

माझी छाती अशी फुगली की काय सांगू. त्यानंतरची साडेपाच वर्षं, अगदी शेवटच्या आजारापर्यंत, ते रोज जात राहिले, आणि मी विचारलं की म्हणायचे, "पुरले." त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. घरही बदललं. आणि मी मात्र त्या एका शब्दावर सगळीकडे मिरवत राहिले. आमच्याकडे नवीन लागलेल्या इंजिनिअरांना वर्षातून दोनदा मी सिग्नलच्या वेळांवर शिकवते. त्यात कुणीतरी विचारतंच की एक पूर्णांक दोन हा वेग म्हाताऱ्यांना जास्त होत नाही का. मग मी चष्मा काढून टेबलावर ठेवायची आणि सांगायची, "माझ्या घरी पंचाहत्तरीचे, कंपवाताचे सासरे होते. माझ्याच सिग्नलवरून, चोवीस सेकंदांत, रोज." वर्ग हसायचा, आकडा लिहून घ्यायचा. पंधरा-सोळा तुकड्या झाल्या असतील. ते सगळे आता कुठे कुठे चौकांच्या वेळा बसवत असतील, देव जाणे. फुटपाथवर उभी असताना हे सगळं एका दमात माझ्या अंगावर आलं. चोवीस सेकंदांत ते कधीच पोचले नव्हते.

सिग्नलची पेटी कोपऱ्यावरच्या खांबाला असते, राखाडी, माणसाच्या छातीएवढी. इथली जुनी आहे, ऑफिसातल्या पडद्याशी न जोडलेली, म्हणून तर आत काय चाललंय ते कुणाला कळलं नाही. खात्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असतेच. दाराच्या आतल्या बाजूला एक कार्ड खोचलेलं असतं. पेटीला हात लावणाऱ्याने तारीख, बदल, कारण आणि सही लिहायची असा दंडक. धुळीने पिवळं पडलेलं कार्ड मी उन्हात धरलं. सगळ्या ओळी दिवा बदलला, फ्यूज बदलला अशा. मधेच एक: पायी चालणारे ३३. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लागतात.' तारीख नानांच्या त्या आठवड्यातली. सही आमच्या जुन्या वायरमनची.

मला पहिल्यांदा राग आला, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या आकड्याला कुणी न विचारता हात लावला याचा राग. मग मनात आलं, नऊच का? अंदाजाने वाढवणारा माणूस पाच वाढवतो, नाहीतर दहा. नऊ कुणी अंदाजाने वाढवत नाही. नऊ मोजलेले असतात. वहीच्या मागच्या पानावर मी गणित उलटं केलं. तेहतिसातून सहा गेले, सत्तावीस उरले, एकवीस मीटरला सत्तावीस सेकंद. सेकंदाला पाऊण मीटरच्या थोडंसंच वर. त्या कागदावरच्या अंकात मला ओळखीची चाल दिसली, बारीक बारीक, काठीचा आवाज मध्ये. आणि राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी वायरमनच्या घरी गेले. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली. खाली मान घालून एका टेबलपंख्याची जाळी सोडवत बसले होते, चष्म्याला एका बाजूला काडीऐवजी वायर. मला बघितल्यावर त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"मॅडम, तुम्ही? चौकशी लागली की काय माझ्यावर?"

"काका, चौकशी नाही. चहा पाजा."

चहा येईपर्यंत मी कार्ड काढून पंख्याच्या पात्यांशेजारी ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही, लांबूनच ओळखलं.

"अजून तेच कार्ड आहे होय पेटीत," ते म्हणाले. "मला वाटलं, कधीच कुणीतरी जसं होतं तसं करून टाकलं असेल."

"तुम्हाला माहीत होतं ते माझे सासरे आहेत?"

"आधी कुठलं माहीत! मी शिडीवर होतो, दिवा बदलत. खाली एक म्हातारबुवा आले आणि एकदम आवाज दिला, 'खाली उतर!' मी उतरलोच. तसा आवाजच होता. शाळेत होतो तेव्हाचा घाम फुटला बघा. म्हणाले, तुझ्या या पेटीत माणसाला चालायला किती वेळ दिलाय ते वाढवता येतं का? मी म्हटलं, येतं, पण वरून कागद लागतो. तर म्हणाले, कागद मीच आहे. मोज."

"मोज?"

"माझं घड्याळ हातात धरायला लावलं. सकाळी सहाची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाच वेळा गेले आणि आले. डावा, उजवा, डावा, मोठ्यांदा. एकदा मधे अडकले, तर मला हातानेच म्हणाले, थांब, धरू नको. घामाघूम झाले होते. मी म्हटलं, बाबा, कमीत कमी लागले तो आकडा घेऊ या. तर भडकले माझ्यावर. 'जास्तीत जास्त लागले तो घे. कमीतला आकडा शर्यतीला असतो.'" काका हसले, आणि हसता हसता पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवत राहिले. "मग बसले तिथल्या कठड्यावर आणि म्हणाले, हा सिग्नल माझ्या सुनेने केलाय. तेव्हा कळलं मला. म्हटलं, मग मॅडमनाच सांगा की, त्या एका मिनिटात करतील. तर नको म्हणाले."

"का?"

"मॅडम, आता सोडा ते."

"काका, का नको म्हणाले?"

"म्हणाले, तिचं गणित बरोबर आहे, माझे पाय चुकतात. तिने एवढा कागद काढून मला समजावलं. तिला म्हणू कसा चूक आहे? तू तिला सांगू नकोस, मी तिला पुरले म्हणून सांगेन. खोटं नाही होणार ते. पुरतीलच आता."

मी चहाचा कप बशीत ठेवला. काकांनी पंख्याकडेच बघायचं ठरवलं असावं. मी रडले, अगदी नाक ओढून, परक्याच्या घरात, आणि मला त्याची लाज वाटली नाही. दुःखाने रडत नव्हते मी. मला एवढं जपलं होतं कुणीतरी, साडेपाच वर्षं, रोज सकाळी, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आईवडिलांनी केलेलं माणूस निदान गृहीत तरी धरतं. हे मी गृहीतसुद्धा धरलं नव्हतं. निघताना मी काकांच्या पाया पडायला वाकले तर ते खुर्चीसकट मागे सरकले. "अहो मॅडम, मी काय केलं? बटण फिरवलं." मी म्हटलं, "आणि कारण लिहिलंत." ते म्हणाले, "दंडक होता ना तो."

घरी येऊन मी माझा गोल चौकाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. चांगला होता नकाशा. म्हणजे गाडीत बसून बघितलं तर. प्रत्येक रस्त्याला दोन-दोन रांगा, सुबक वळण, आणि पायी चालणाऱ्यांसाठी? पट्टे काढले होते, कोपऱ्यापासून चाळीस पावलं लांब, मधे उभं राहायला एक वीतभर जागा. दिवाच नसणार, म्हणजे तेहतीसही नाहीत आणि चोवीसही नाहीत. गाड्यांमध्ये फट मिळाली की पळायचं. ज्याला पळता येत नाही त्याने पेपर घरी लावायचा. मी त्या पट्ट्यांवर बोट ठेवून नानांना चालवून बघितलं. ते पहिल्या रांगेतच अडकले. साधा उपाय समोर होता, पेटीत परत चोवीस लावायचे, गाड्या मोकळ्या, गोल चौक नको, खर्च नको, साहेब खूश. पण मग त्या वाचनालयात आत्ता जे कोणी जात असतील त्यांचं काय? नानांनी स्वतःपुरते सेकंद मागितले, पण मिळाले ते सगळ्यांना. तेहतीस सेकंद आहेत म्हणून कोण कोण घराबाहेर पडतंय ते मला कुठे माहीत होतं. मी खोडरबर घेतला. नवरा दोनदा येऊन विचारून गेला, जेवायचं टेबल कधी मोकळं होईल. मी म्हटलं, "तुझ्या वडिलांना विचार." मग मी त्याला सगळं सांगितलं, आणि आम्ही दोघं उभ्या उभ्या, ओट्याशी जेवलो.

दोनाची एक रांग केली प्रत्येक बाजूला. गाडी वर्तुळात शिरताना हळू व्हावीच लागेल असं वळण. पट्टे कोपऱ्याजवळ आणले. रस्त्याच्या मधे अडीच मीटर रुंद बेट, कठडा धरून उभं राहता येईल, काठी टेकता येईल असं. चार मीटर चालायचं, थांबायचं, पाय चिकटले तर चिकटू द्यायचे, स्वतःला हुकूम द्यायचा, मग पुढचे चार मीटर. एका वेळी पाच सेकंद. नानांना एकवीस मीटर एका दमात जावं लागायचं, इथे तसं कुणाला जावं लागणार नाही. गोल चौक वाईट नसतो हो, मी तो वाईट काढला होता. आणि हिशेबाच्या तक्त्यात चालण्याच्या वेगासमोर जिथे आजवर मी डोळे मिटून एक पूर्णांक दोन लिहीत आले, तिथे शून्य पूर्णांक आठ लिहिलं. तो एक अंक म्हणजे माझी सोळा भाषणं पाण्यात जाणार होती.

साहेबांनी शुक्रवारी नकाशा बघितला आणि पहिल्यांदा बोट ठेवलं ते तिथेच.

"हे शून्य आठ कुठून आणलंत? गाड्यांची रांग लागेल सकाळी."

"लागेल. अर्ध्या मिनिटाची. मी मोजली आहे."

"आणि तुम्हीच तर शिकवता, चोवीस पुरतात. माझी पुतणी तुमच्या वर्गात होती, घरी येऊन सांगायची ती. ते कंपवाताचे सासरे वगैरे."

"साहेब, मी चूक शिकवत होते. त्यांना चोवीस पुरत नव्हते. तेहतीस लागायचे. त्यांनी मला कळू दिलं नाही."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. नाना म्हणायचे, सावधानमध्ये उभं राहिलं की भीती गुडघ्यापर्यंतच येते.

"स्रोत काय लिहू मग?" साहेबांनी विचारलं. "पुस्तकात तर एक पूर्णांक दोन आहे."

"प्रत्यक्ष मोजणी, पाच वेळा. जास्तीत जास्त लागलेला वेळ घेतला आहे."

"कुणी मोजलं?"

मी वायरमनचं नाव सांगितलं, आणि नानांचं. साहेबांनी दोन्ही लिहून घेतली, स्वतःच्या हाताने, आणि खाली सही केली. म्हणाले, पुढच्या वर्गाला हेच शिकवा. मी म्हटलं, आधीच्या सोळा तुकड्यांनाही पत्रं घालते. त्यांनी मान हलवली आणि फोन उचलला.

काम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी मी चौकात गेले. वाचनालय उघडायची वेळ. पेटीवर 'बंद होणार' अशी चिठ्ठी लागलेली, पण दिवे चालू होते. हिरवा माणूस लागला आणि मी नानांच्या चालीने निघाले. वाटतं तितकं सोपं नसतं ते. पहिल्यांदा विसाव्या सेकंदालाच पोचले. परत आले. दुसऱ्यांदा सव्वीस. एका गाडीवाल्याने काचेतून डोकं काढून विचारलं, "ताई, काही हरवलंय का?" तिसऱ्यांदा मी मोठ्यांदा म्हणायला लागले, डावा, उजवा, डावा, आणि अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या पुढे एक बाई चालल्या आहेत, चौपायी आधार पुढे सरकवत, काखेत वाचनालयाचं पुस्तक. मला त्यांच्या पुढे सहज जाता आलं असतं. मी गेले नाही. चोवीस झाले. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांचा त्या दिव्यावर विश्वास. एकोणतीस, तीस. त्यांचा आधार फुटपाथच्या कडेला टेकला, मग एक पाय वर आला, मग दुसरा, आणि त्यांच्या मागे मी. वळून बघितलं तेव्हा हिरवा माणूस विझत होता.

"पुरले, नाना," मी म्हटलं.

बाईंनी विचारलं, "माझ्याशी बोललात का?"

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी वाचनालयाचं दार उघडून धरलं.